भारतात इंटरनेट घरोघरी पोहोचले, तसे संगणकही पोहोचले आहेत का?

नाही, भारतात इंटरनेटचा प्रसार मुख्यतः मोबाइलवरून झाला आणि संगणक फार मागे राहिला. 2011 च्या जनगणनेत सुमारे 9.5 टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या 75व्या फेरीत हे प्रमाण जेमतेम 10.7 टक्के आढळले. त्याच फेरीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे मात्र 23.8 टक्के होती. याचे मोठे कारण किंमत हे आहे: 2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटा झपाट्याने स्वस्त झाला, पण संगणकासाठी एकरकमी मोठा खर्च करावा लागतो, शिवाय त्याची दुरुस्ती आणि वीजपुरवठा हे प्रश्न उरतातच. सरासरीवर फार विसंबू नये, असे मला वाटते, कारण संगणक असलेली कुटुंबे शहरांत 23.4 टक्के, तर ग्रामीण भागात अवघी 4.4 टक्के होती. अर्थात हे आकडे कोविडपूर्व काळातले आहेत आणि त्यानंतर इंटरनेटचा वापर बराच वाढला आहे. शिवाय या सर्वेक्षणात टॅब्लेटही संगणकातच मोजला जातो, स्मार्टफोन मात्र नाही.