‘एवढ्याशाने काय होतंय?’

‘मॅडम, गहू बंद करायला माझी ना नाही. पण माझ्यामुळे अख्ख्या घराला त्रास होतोय, हे सहन होत नाही.’

सिलिॲकचं, म्हणजे गहू कायमचा सोडावा लागतो अशा आजाराचं निदान होऊन आहाराच्या सल्ल्यासाठी आलेली जवळजवळ प्रत्येक बाई कधी ना कधी माझ्यासमोर हे बोलते. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती 34 वर्षांची, सांगलीजवळच्या एका गावात शिक्षिका. घरात नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. सहा वर्षं तिचं हिमोग्लोबिन 8 च्या वर टिकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, थोडं वाढायचं, पुन्हा खाली. पोट फुगणं, जुलाब, थकवा हे सगळं ‘बायकांचं असतंच’ या खात्यात जमा. आपल्या भागात हा आजार पंजाब-हरियाणाकडचा समजला जातो, त्यामुळे लवकर शंकाही येत नाही. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची (या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) रक्ततपासणी केली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला आणि उलगडा झाला. गहू आणि जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठलं होतं. अन्न शोषून घेणारं अस्तर झिजलेलं, मग गोळ्यांतलं लोह रक्तात पोचणार कसं?

पहिल्या भेटीला ती शाळेतून थेट आली. पिशवीत न उघडलेला डबा होता. ‘दहीभात. तीन महिने रोज दहीभात,’ ती म्हणाली. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई डबे उघडून एकमेकींना भाजी-पोळी वाटतात, तेव्हा ही वह्या तपासायच्या निमित्ताने वर्गातच बसून राहते. का, हे कितीदा सांगायचं?

आणि मग पूजेचं सांगितलं. घरी सत्यनारायण होता. सासूबाईंनी प्रसादाचा शिरा तळहातावर ठेवला. चार पाहुण्या बघत होत्या. ‘देवाचा आहे, एवढ्याशाने काय होतंय?’ तिने खाल्ला. पुढचे दोन दिवस पोट धरून काढले आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही.

इथे मला थांबून सांगावं लागलं, कारण ‘एवढ्याशाने’ हा शब्दच या आजारात घात करतो. एका मध्यम पोळीत ढोबळ मानाने 2 ते 3 ग्रॅम ग्लुटेन असतं. त्यातलं रोज 50 मिलिग्रॅम जरी पोटात जात राहिलं, तरी आतड्याला इजा होते. पोळीचा नखाएवढा तुकडा धरा. कधी लगेच पोट दुखतं, कधी काहीच जाणवत नाही. पण त्रास झाला नाही म्हणजे चाललं, असं इथे धरता येत नाही.

मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या. ती घाबरली. मीही जरा धास्तावलेच होते.

सासूबाई आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी आतड्याचं चित्र दाखवून सगळं समजावलं. त्या बराच वेळ गप्प. मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, ‘म्हणजे बाई, नऊ वर्षं मी हिला रोज विषच वाढत होते का?’

सून चमकून बघायला लागली. ‘एवढ्याशाने काय होतंय’ याच्या पोटात हे होतं. आपण मायेने लाटलेल्या पोळीने सून आजारी पडली, हे त्यांना मान्यच करवत नव्हतं. मी म्हटलं, ‘काकू, डॉक्टरांनाही सहा वर्षं कळलं नाही. तुम्हाला कसं कळणार?’ त्यांनी डोळे पुसले. आणि मग त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘हिंग चालतो का?’

इतका नेमका प्रश्न मला क्वचित कुणी विचारलाय. डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, कुरडया तर गव्हाच्याच. सोया सॉसमध्येही असतो. पाकिटावरचे घटक वाचायचे, आणि ‘माल्ट’ दिसलं तर ठेवून द्यायचं, कारण ते सहसा जवाचं असतं.

गिरणीचा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता. ज्वारी शुद्ध असली, तरी गव्हानंतर त्याच जात्यातून दळली की तिच्यात गव्हाचं पीठ येतंच. ‘आधी मूठभर ज्वारी टाकून गिरणी साफ करून घेते,’ त्या म्हणाल्या. तेवढ्याने भागत नाही. त्यांनी नवऱ्याच्या पेन्शनमधून घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही, असं ठरवलं. पोळपाट-लाटणं, परात, चाळणी, तवा सुनेसाठी वेगळे. लाकडाच्या पोळपाटाच्या भेगांत पीठ अडकून बसतं, म्हणून तो नवाच आणला.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यांनी सहज बोलून गेलेलं. ‘आमच्या लहानपणी पोळी सणालाच असायची. रोज भाकरीच की.’ त्यानंतर त्या घरात रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनाच ज्वारीची भाकरी होऊ लागली. सुनेचं वेगळं ताट उरलं नाही. सकाळी घावन, नाचणीची आंबील, उपासाची भगर. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा या कशातच ग्लुटेन नाही, फक्त पिठं भेसळ नसलेली आणि वेगळी दळलेली हवीत. या वर्षीच्या पूजेला शिरा वरीच्या तांदळाचा झाला, आणि पाहुण्यांना सासूबाईंनीच कारण सांगितलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. लग्नकार्यात ती अजून डबा घेऊन जाते आणि त्या दिवशी उदास असते. तूप-गूळ घालून कुस्करलेल्या पोळीच्या लाडवाची आठवण काढून एकदा माझ्यासमोर रडली. मी समजूत घातली नाही, रडू दिलं. आयुष्यभराचा घास सुटला तर रडू येणारच. दहा महिन्यांत हिमोग्लोबिन 11.4 वर आलंय, टीटीजी उतरतंय.

गेल्या महिन्यात नवा गुंता निघाला. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून त्यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी लागते. मुलाची तपासणी करायला ती तयार नव्हती. ‘त्याचा गहू मी आधीच बंद केलाय, मग सुई कशाला टोचायची?’ मी तिला मुलाचा गहू परत सुरू करायला सांगितलं, कारण गहू सोडलेल्या मुलाची तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते आणि मग खरं कधी कळतच नाही. किती आठवडे खाऊ घालून मग रक्त द्यायचं, ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय.

तिच्याच्याने पोळी त्याच्या ताटात वाढवत नाही. सध्या सासूबाई जुन्या पोळपाटावर, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्यापुरत्या रोज दोन पोळ्या लाटतात.