प्लीहा एक, की दोन?

प्रश्न : सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘१२ मिमीची अतिरिक्त प्लीहा’ असं आलंय. वय ४१, त्रास काही नाही. काढून टाकावी का?

उत्तर : मुळीच नाही. गर्भाच्या पाचव्या आठवड्यात प्लीहा, म्हणजे जुन्या लोकांची पाणथरी, छोट्या छोट्या कोंबांतून घडू लागते. एखादा कोंब इतरांत मिसळला नाही, की त्याची ही वेगळी गोळी होते. १०० जणांत १० ते ३० जणांना ती असते. औषध नको, पथ्य नको, पुन्हापुन्हा सोनोग्राफीही नको. रिपोर्ट मात्र जपून ठेवा.

प्रश्न : आईच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाकडे गाठ दिसली. एक डॉक्टर ट्यूमर म्हणतात, दुसरे म्हणतात अतिरिक्त प्लीहा असेल. ऑपरेशनची तारीखही ठरली आहे.

उत्तर : तारखेआधी शंका फेडून घ्या, असं मी कळकळीनं सांगेन. अतिरिक्त प्लीहा बहुधा मूळ प्लीहेच्या देठाशी असते, पण स्वादुपिंडाचं शेपूट ही तिची दुसरी ठरलेली जागा. तिथे ती हुबेहूब न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसारखी (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठीसारखी) दिसते. असे ट्यूमर शोधायच्या डोटाटेट पेट स्कॅनमध्ये दोन्ही उजळतात, म्हणून त्या एकट्यावर विसंबू नका. एका न्यूक्लिअर स्कॅनमध्ये रुग्णाच्याच तांबड्या पेशी तापवून थोड्या दुखावतात, त्यांना टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडतात आणि शिरेतून परत सोडतात. दुखावलेल्या पेशी वेचून घेणं हे प्लीहेचं रोजचं काम. त्यामुळे गाठ प्लीहेची असेल, तर पेशी तिथे जमून ती चमकते. हा स्कॅन आपल्याकडे होऊ शकेल का, हे सर्जनना स्पष्ट विचारा.

प्रश्न : मुलीला आयटीपी आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) नष्ट करतं. प्लीहा काढल्यावर प्लेटलेट वाढल्या, दोन वर्षांनी पुन्हा घसरल्या. असं का?

उत्तर : कारणं अनेक असतात, त्यातलं एक म्हणजे मागे राहिलेली अतिरिक्त प्लीहा. मोठी प्लीहा गेल्यावर ती वाढते आणि प्लेटलेट नष्ट करायचं काम पुढे चालू ठेवते. ऑपरेशनच्या वेळी चरबीच्या पिवळ्या पडद्यात वाटाण्याएवढी जांभळट गोळी शोधावी लागते. नीट शोधूनही एखादी निसटते. आधी रक्ताची काच (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. प्लीहा नसलेल्यांच्या तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली नावाचे बारीक ठिपके दिसतात. ते नसतील, तर प्लीहेचा अंश कुठेतरी काम करतोय असा संशय घ्यायचा आणि मग वर सांगितलेला तांबड्या पेशींचा स्कॅन. गोळी सापडली, काढली, तरी प्लेटलेट वाढतीलच अशी खात्री कुणी देऊ नये.

प्रश्न : अतिरिक्त प्लीहेमुळे पोटात दुखतं का?

उत्तर : क्वचित. देठाला पीळ पडला, तर अचानक जोराचं दुखतं आणि ऑपरेशन लागू शकतं.

प्रश्न : माझी प्लीहा काढली आहे, छोटी शिल्लक आहे. मग लसी कशाला?

उत्तर : ती छोटी गोळी तुम्हाला जंतुसंसर्गापासून वाचवेल असं धरून चालू नका. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंवरच्या लसी आणि दरवर्षीची फ्लूची लस घ्याच. आणि थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा. प्लीहा काढली आहे, हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा.