मुलाखत एक, उपयोग तीन : वादन, कलाविषयक लेखन आणि संशोधन एकत्र करताना

तुमचा प्रश्न असा : वादन चालू आहे, संगीतावर लेख छापून येतात, पीएचडी झाली आहे, नोकरी न धरता या तिन्हींवर भागवायचं तर वेळेची वाटणी कशी करावी? वाटणीचं नंतर बघू. तिन्ही कामांचा कच्चा माल बहुतेकदा एकच असतो, कलाकारांच्या मुलाखती आणि ध्वनिमुद्रणं. त्याच्या वापराचे नियम मात्र तिन्हीकडे वेगळे. खरा घोळ तिथे होतो.

लेखासाठी बोलताना ‘हे छापून येणार आहे’ एवढं समोरच्याला स्पष्ट असलं की सहसा भागतं. संशोधनाला लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमती लागते, आणि विद्यापीठाशी संलग्न असाल तर नैतिकता समितीची (माणसांशी संबंधित संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीची) मंजुरी मुलाखतीच्या आधीच हवी. मागाहून ती सहसा मिळत नाही. त्यामुळे लेखासाठी घेतलेली उत्तम मुलाखत दोन वर्षांनी शोधनिबंधात घेता येत नाही, किंवा त्या माणसाला पुन्हा गाठावं लागतं. तो ऐंशीच्या घरात असला तर ते जमेलच असं नाही.

म्हणून मंजुरी आधी काढून ठेवा आणि संमतीपत्र एकच करा, पण त्यात चार प्रश्न सुटे ठेवा : लेखात उद्धृत करू का, संशोधनात वापरू का, ध्वनीचा तुकडा जाहीर ऐकवू का, संग्रहात ठेवू का. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. नावाबद्दलही विचारा, संशोधनात नाव झाकायची रीत आहे, कलाकाराला मात्र बहुधा नाव हवंच असतं. बोलता बोलता त्याने काही गाऊन-वाजवून दाखवलं, तर ते सादरीकरण आहे. त्याची परवानगी बोलण्याच्या परवानगीत धरू नका.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात (आवाज न छाटता साठवणारी फाइल) करा. स्टिरिओमध्ये तासाला साधारण १ जीबी जागा लागते. एमपी३मध्ये बोलणं कळतं, पण वरच्या पट्टीतले बारीक स्वरांश छाटले जातात आणि पुढे नादाचं विश्लेषण करायचं म्हटलं की फाइल कमी पडते. यंत्राची आपोआप आवाज वाढवण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर शांत जागी खरखर वर येते आणि जोरकस सुरांचा चढउतार सपाट होतो. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. तासभराचं बोलणं शब्दशः उतरवायला सहज ४ ते ६ तास जातात, तेव्हा लेखापुरत्या फक्त वेळेच्या खुणा करा. पूर्ण उतरवण्याचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात टाका.

अंदाजपत्रकात स्वतंत्र संशोधक प्रवास आणि उपकरणं लिहितात, स्वतःचे कामाचे दिवस विसरतात. ते लिहा. अनेक अनुदानं संस्थेमार्फतच मिळतात, म्हणून बिनपगारी का होईना, मानद संलग्नता मिळवा. ग्रंथालय आणि नैतिकता समिती दोन्ही त्यातून मिळू शकतात. शोधनिबंधाला मानधन नसतं, दुसऱ्यांचे निबंध तपासण्यालाही बहुधा नसतं. लेखाचे पैसे अनेकदा छापून आल्यावर महिना-दोन महिन्यांनी येतात. रोख हातात देणारा कार्यक्रमच, आणि त्याचे हंगाम ठरलेले. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय फक्त या तिन्हींवर विसंबू नका.

लेखाच्या करारात ‘सर्व हक्क’ असेल तर ‘प्रथम प्रकाशनाचा हक्क’ करून घ्या आणि ध्वनिमुद्रण व टिपणं तुमच्याकडे राहतील हे लिहून घ्या. शोधपत्रिकांना पूर्वप्रकाशित मजकूर चालत नाही. लेखात माणूस आणि प्रसंग येऊ द्या, युक्तिवाद आणि पुरावा निबंधासाठी राखा.

मैफलींची परीक्षणं मात्र शक्यतो सोडूनच द्या. ज्यांच्याबरोबर वाजवता, ज्यांच्या महोत्सवात तारीख हवी आहे, ज्यांच्या अल्बमला टिपण लिहून पैसे घेतलेत, त्यांच्याबद्दल तुमचं कौतुकही संशयास्पद ठरतं आणि टीका तर विचारूच नका. वाद्यनिर्मिती, जुने संग्रह, शिक्षणपद्धती यांवरच्या दीर्घ लेखांत ही अडचण कमी, शिवाय तिथे पीएचडी कामी येते. उरलेला हितसंबंध संपादकाला विषय सुचवतानाच सांगा.

आता वेळेचं. रियाझ सकाळी, रोज, आधी. संशोधनाला आठवड्यात तीन तासांच्या दोन-तीन सलग बैठका द्या. तुकड्यातुकड्यांनी ते होत नाही. लेखनाला मुदत असते, ते आपली जागा ओढून घेतंच. कार्यक्रमाच्या आठवड्यात निबंध उघडू नका.

पीएचडीच्या मुलाखती तुमच्याकडे असतीलच. त्यांवरून लेख करण्याआधी त्या वेळचं संमतीपत्र काढून वाचा. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर प्रत्येकाला पुन्हा विचारावं लागेल. सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या कलाकारापासून करा.