सूर्यावर वादळ आलं की रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थांचा क्षय (म्हणजे त्यांचे अणू आपोआप फुटत जाण्याचा वेग) कमीजास्त होतो का?

थोडक्यात सांगायचं तर नाही, पण ही आवई उठली कुठून ते भारी आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या जेंकिन्स आणि फिशबाख यांनी २००८ च्या सुमारास क्षयाच्या मोजणीचे जुने रेकॉर्ड उकरून काढले, ब्रूकहेवन लॅबचं सिलिकॉन-३२ आणि जर्मनीतल्या लॅबचं रेडियम-२२६, आणि दोन्हीत दरवर्षी साधारण ०.१ टक्क्याचा चढउतार दिसला. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते, जुलैत लांब, म्हणून त्यांनी बोट दाखवलं न्यूट्रिनोकडे, म्हणजे सूर्यातून सतत येणाऱ्या अतिसूक्ष्म कणांकडे. वर डिसेंबर २००६ च्या सौरज्वालेच्या वेळी मँगनीज-५४ चे काउंट (डिटेक्टरने, म्हणजे क्षय मोजणाऱ्या यंत्राने, टिपलेले आकडे) घसरले असंही म्हणाले.

आता गंमत बघा, जानेवारी-जुलै म्हणजे तिकडे हिवाळा-उन्हाळा पण आलाच ना! लॅबमधली हवा, दमटपणा, तापमान सगळं बदलतं आणि डिटेक्टर तर अशा बाबतीत भलताच नाजूक, म्हणजे चढउतार क्षयात नसून मोजणाऱ्या यंत्रात असू शकतो की.

मला स्वतःला पटलेला पुरावा शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाचा. त्याची वीज प्लुटोनियम-२३८ च्या क्षयातून निघणाऱ्या उष्णतेवर चालायची, यान आधी शुक्रापाशी जाऊन मग लांब गेलं, म्हणजे सूर्यापासूनचं अंतर दुपटीहून जास्त बदललं, तरी त्या विजेच्या आकड्यांत असला काही परिणाम सापडला नाही. नंतर २०१६ मध्ये बऱ्याच देशांच्या लॅबनी मिळून मोजमापं तपासली, चांगल्या यंत्रांवर वार्षिक चढउतार ०.०१ टक्क्याच्याही खालीच निघाला. त्यामुळे कार्बन डेटिंगची, म्हणजे कार्बनच्या क्षयावरून जुन्या वस्तूंचं वय काढायच्या पद्धतीची, काळजी सोडा.