63 पॉइंट मारले आणि तरी हरला

तुम्ही विचारलंय, बास्केटबॉलमधल्या सुपरस्टारचं यश कितपत त्याच्या टीममेट्सवर अवलंबून असतं, आणि खाली लिहिलंय की तुमचा रूममेट म्हणतो जॉर्डन कुठल्याही टीममध्ये असता तरी सहा टायटल जिंकलाच असता.

रूममेटला विचारा, आयुष्यात कधी स्क्रीन लावलीय का, म्हणजे टीममेटला मोकळं करायला दुसऱ्याच्या वाटेत उभा राहिलाय का. नसेल लावली तर त्याने गप्प बसावं.

1986 ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकन लीगच्या, प्लेऑफमध्ये (शेवटचा बाद टप्पा) बॉस्टनविरुद्ध जॉर्डनने एका मॅचमध्ये 63 पॉइंट मारले. प्लेऑफमध्ये आजपर्यंत कुणी तेवढे मारलेले नाहीत. त्याची टीम शिकागो ती मॅच डबल ओव्हरटाइममध्ये हरली आणि सीरिज 3-0 ने हरली. माणूस आला 1984 ला, पहिलं टायटल 1991 ला. मधली सात वर्षं त्याला काय शॉट येत नव्हता? 1987 ला पिपेन आणि होरेस ग्रँट आले, तरी 88, 89, 90 सलग तीन वर्षं डेट्रॉइटने त्यांना घरी पाठवलं, मग 1989 ला हेड कोच झालेल्या फिल जॅक्सनने असिस्टंट कोच टेक्स विंटरची ट्रायंगल नावाची खेळायची पद्धत त्यांच्या गळी उतरवली, ज्यात बॉल एकाच माणसाच्या हातात चिकटून राहत नाही, आणि मग कुठे टायटल आलं. झालं उत्तर. पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पुढचं माझं आहे.

मी फोंड्याचा. गोव्यात बास्केटबॉल खेळतो म्हटलं की लोक आधी विचारतात, फुटबॉलला उंची जास्त झाली का? आमच्या हायर सेकंडरीला एक सिमेंटचा कोर्ट होता, एका बाजूची रिंग पुढे वाकलेली, आणि जून ते सप्टेंबर त्याच्यावर असं शेवाळ की चवथ झाल्यावर आम्हीच ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचो तेव्हा सीझन सुरू व्हायचा. टीमचा स्टार माझा चुलतभाऊ. दादा म्हणतो आम्ही त्याला, माझ्याहून एका वर्षाने मोठा. काका मस्कतला होता, त्याने तिकडून खरा लेदरचा बॉल आणलेला, त्यामुळे कोर्टवर बॉल दादाचा म्हणजे अक्षरशः दादाचाच.

आणि खेळायचा भारी, खोटं कशाला बोलू. डाव्या हाताने लेअप, उजव्याने लेअप, उडी मारल्यावर वरच राहायचा. मी काय करायचो? स्क्रीन. म्हणजे त्याच्यामागे धावणाऱ्या पोराच्या वाटेत जाऊन भिंतीसारखं उभं राहायचं, तो येऊन आपल्यावर आपटतो, तेवढ्या अर्ध्या सेकंदात दादा मोकळा होतो, शॉट टाकतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि आपण खाली बसून खांदा चोळतो. उजव्या खांद्यात अजून पावसाळ्यात कळ येते. आता एनबीए स्क्रीन असिस्ट मोजते म्हणे, तेव्हा आमच्या स्कोअरशीटवर असल्या गोष्टीला रकानाच नव्हता, माझ्या नावापुढे फक्त फाउल.

1997 सालचा डिसेंबर, पणजीला फायनल. कदंबा बसमध्ये उभं राहून गेलो, बॉल दादाच्या मांडीवर. तेव्हा चार क्वार्टर नव्हते, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. समोरच्या टीमचा कोच हुशार होता, त्याने पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं की ह्यांच्यात एकच पोरगा शॉट मारतो, मग त्याने दोन-दोन पोरं दादावर सोडली आणि आम्हाला मोकळं ठेवलं. मोकळं म्हणजे इतकं मोकळं की मला अपमान वाटायला लागला. मी कोपऱ्यातून ओरडतोय, दी मरे, दी मरे, आणि दादा दोघांच्या मधून घुसतोय, कधी पडतोय, कधी घालतोय. शेवटचं मिनिट लागेपर्यंत मी रिंगकडे एकही शॉट मारला नव्हता. एकही. हे मी 27 वर्षं लोकांना सांगतोय आणि लोक म्हणतात, बरं, मग?

मग असं झालं की 46-45 ने आम्ही मागे, दहा सेकंद असतील, बॉल दादाकडे. उजव्या बाजूने निघाला, मी स्क्रीन लावली, पण ह्या वेळी दोघांऐवजी तिघं त्याच्यावर आले आणि मी फिरून फ्री थ्रो लाइनच्या डाव्या टोकाला पोचलो तर माझ्या आसपास चिटपाखरू नाही. आणि त्याने पास दिला.

रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर. शिट्टी.

दुसऱ्या दिवशी पेपरात दादाचा फोटो, 45 पैकी 31 पॉइंट, 'एकाकी झुंज' असं काहीतरी हेडिंग. आईने फोटो कापून ठेवला, काकीला द्यायला. मला एवढंच विचारलं, "तुका कितें जालें रे?" तेव्हापासून दर चवथीला मूळ घरी सगळे जमले, आरत्या झाल्या, करंज्या-नेवऱ्यांचं ताट फिरलं की कोणीतरी हा विषय काढतोच. दादा स्वतः काढत नाही, तो नुसता हसतो. ते जास्त लागतं.

तर तुमच्या प्रश्नाशी याचा काय संबंध. संबंध असा की त्याच वर्षी जूनमध्ये फायनल्सच्या सहाव्या मॅचला हाच सीन झाला होता. शिकागो आणि युटा, 86-86, शेवटचे काही सेकंद, जॉर्डनवर दुसरा माणूस धावून आला, त्याने पास टाकला आणि टीममेट स्टीव्ह करने फ्री थ्रो लाइनजवळून शॉट घातला. आम्ही केबलवर बघितलं होतं दोघांनी, दादाच्याच घरी. शॉटच्या आधीच्या टाइमआउटमध्ये जॉर्डन त्याला सांगतो की तुझा माणूस तुला सोडून माझ्याकडे येईल, तयार राहा, आणि कर म्हणतो मी तयार आहे. सगळे हेच सांगतात. कोणी हे सांगत नाही की ह्याच करला 1995 ला प्रॅक्टिसमध्ये जॉर्डनने तोंडावर ठोसा मारला होता, डोळा काळा केला होता. तिथून त्या पासपर्यंत दोन वर्षं लागली. शेवटच्या पाच सेकंदांत सुचलेली अक्कल नव्हती ती.

त्याच्याही आधी 1991 च्या फायनलची पाचवी मॅच बघा, लेकर्सविरुद्ध. शिकागोचाच पॅक्सन मोकळा राहतोय आणि जॉर्डन त्याला देत नाहीये, शेवटी फिल जॅक्सनने टाइमआउटमध्ये विचारलं कोण मोकळा आहे, आणि जॉर्डनला तोंडाने म्हणावं लागलं, पॅक्सन. मग देत गेला, पॅक्सन घालत गेला, 20 पॉइंट त्याचे त्या मॅचला. दोन वर्षांनी फिनिक्सविरुद्ध शेवटचा थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, कोणी घातला? पॅक्सननेच, 99-98. त्या वेळी त्याच्या हाताला माहीत होतं की बॉल येतो. माझ्या हाताला माहीत नव्हतं. चाळीस मिनिटं लोकांच्या छातीवर आपटून घेतलेला पोरगा, बोटं थंड, पाय गेलेले, त्याला तुम्ही शेवटच्या चार सेकंदांत बॉल देता आणि म्हणता मी तर दिला होता!

दादाचं म्हणणं वेगळं आहे. त्याचं म्हणणं, तुमच्यापैकी कोणाला शॉट होता सांग, म्हणून दिला नाही. माझं म्हणणं, दिला नाहीस म्हणून शॉट आला नाही. हे असंच चालू आहे. गेल्या चवथीला तो म्हणाला, लेकर्सच्या कोबीने एका मॅचला 81 मारले ते कोणाच्या जिवावर? मी म्हटलं बरोबर, जानेवारी 2006, टोरंटोविरुद्ध, आणि त्याच सीझनला फिनिक्सशी 3-1 ने पुढे असून पहिल्याच राउंडला हरले. जोडीदार शॅक 2004 ला गेल्यापासून पाऊ गॅसोल 2008 ला येईपर्यंत कोबीला एक राउंड जिंकता आला नाही, आणि गॅसोल आल्यावर 2009, 2010 लागोपाठ दोन टायटल. कोबी तोच होता ना?

विल्ट चेंबरलेनने 1961-62 ला सीझनभर सरासरी 50 च्या वर मारले, एका मॅचला 100 मारले, आणि त्या वर्षीचं टायटल गेलं बॉस्टनला, बिल रसेलकडे, ज्याची 13 सीझनमध्ये 11 टायटल आहेत.

आता उलट बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी येईलच. 2009-10 ला क्लीव्हलँडने 61 मॅच जिंकल्या, त्यांचा स्टार लेब्रॉन मायामीला गेला, पुढच्या सीझनला 19. मधे सलग 26 हरले. म्हणजे एक माणूस काढला तर एवढं कोसळतं. (कोच पण बदलला होता, आणखी काही जण गेले होते, इंजरी होत्या, पण तरी.) आणि जॉर्डन 1993 ला रिटायर झाला तेव्हा शिकागो 57 वरून किती खाली आली? 55. फक्त दोन. लोक हे दोन आकडे घेऊन भांडतात की लेब्रॉन मोठा की जॉर्डन, मला त्यात रस नाही. मला एवढंच दिसतं की क्लीव्हलँडमध्ये बाकीच्यांना लेब्रॉनभोवती उभं राहायला शिकवलं होतं आणि शिकागोत पिपेन आणि बाकीचे त्याच्याबरोबर खेळायला शिकले होते. तोच लेब्रॉन मायामीत 2013 ला फायनल्सच्या सहाव्या मॅचला थ्री चुकला, टीममेट बॉशने रिबाउंड घेतला (चुकलेला बॉल पकडला), रे ॲलनने कोपऱ्यातून घातला, मॅच वाचली, टायटल आलं. तो एक रिबाउंड निसटला असता तर आज लेब्रॉनच्या नावावर एक टायटल कमी असतं.

आणि 2018 च्या फायनल्सची पहिली मॅच, लेब्रॉन परत क्लीव्हलँडला. लेब्रॉनचे 51 पॉइंट, स्कोअर 107-107, टीममेट जे. आर. स्मिथने रिबाउंड घेतला आणि शॉट न मारता रिंगखालून बाहेर पळाला, वेळ संपला, ओव्हरटाइममध्ये हरले. लेब्रॉनचा तो दोन्ही हात पसरून उभा असलेला फोटो सगळ्यांनी बघितला, जोक झाले, अजून होतात. इथे सकाळी मॅच होती, मी हॉटेलात भाजी-पाव खाता खाता मोबाइलवर बघत होतो, पातळ भाजी गार झाली. बाजूचा पोरगा हसत सुटला. मला नाही हसू आलं. मला त्या स्मिथला फोन करावासा वाटला.

बरं, फुटबॉलपेक्षा बास्केटबॉलमध्ये सुपरस्टारला जास्त वजन असतं हे खरं आहे. अकरात एक आणि पाचात एक यात फरक आहेच, शिवाय इथे चांगला प्लेअर 48 पैकी 35-40 मिनिटं कोर्टवर असतो, अटॅकलाही आणि डिफेन्सलाही. म्हणून मेस्सी-रोनाल्डोचं उदाहरण इथे लावू नका. पण पाचात एक आहे म्हणूनच त्याच्यावर दोन माणसं सोडली की चार विरुद्ध तीन उरतात, आणि त्या चारांना बॉल मिळणार की नाही हे तोच ठरवतो. बाकी डिफेन्स, झोन वगैरे लिहीत बसत नाही, खेळत असाल तर माहीत असेल.

तुम्ही कॉलेजला खेळता असं प्रोफाइलवर दिसतंय. तुम्ही जर टीमचे स्टार असाल तर पहिल्या पाच मिनिटांतच त्या स्क्रीन लावणाऱ्याला दोन शॉट मारू द्या. चुकू देत. दोन चुकले तर तिसरा द्या. आणि फोटोग्राफर आला की त्याला शेजारी उभं करा, काय जातं तुमचं. आणि मॅच झाल्यावर घरच्यांसमोर नुसतं हसू नका, सरळ सांगा की मी त्याला आधी द्यायला पाहिजे होता. एवढं एक वाक्य. 27 वर्षांत एकदा.

चवथीला आरतीत मी शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) वाजवतो आणि दादा घुमट. तिथे बघा, तो जरा पळायला लागला की मी काठी आवरतो आणि तो मुकाट्याने मागे येतो, मान पण वर करत नाही. तिथे बरोबर ऐकतो. कोर्टवर काय झालं होतं त्याला कोण जाणे.

एक सांगायचं राहिलं, मघाशी रागात लिहीत गेलो. त्या फायनलपर्यंत आम्ही पोचलो ते दादामुळेच, सेमीला आमच्यापैकी बाकी सगळ्यांचे मिळून बारा पॉइंट होते. तो नसता तर आम्ही पहिल्या मॅचलाच फोंड्याला परत. आणि तो शेवटचा पास, तिघं अंगावर असताना दिलेला, चांगला होता. सरळ छातीवर आला, बॉलची शिवण पण बोटांखाली बरोबर बसली होती.