सायकल राईडची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपचे पैसे भरायची घाई नको

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून सायकलने यवतेश्वर घाट चढायचा, जमलंच तर कासपर्यंत जायचं, एवढीच तुझी राईड असेल तर फुकटातलं स्ट्राव्हा भरपूर झालं. अंतर, वेळ, वेग, चढाई सगळं त्यात मिळतं. पैसे भरले की घाटाच्या सेगमेंटची, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक टप्प्यावर कोण किती वेगात गेलं याची, पूर्ण क्रमवारी दिसते. २०२० पासून फुकटवाल्यांना वरचे दहाच दिसतात. पण तुला आत्ता कोणाशी स्पर्धा करायचीय? पैसे भरून मिळणारी रूट आखायची सोय मात्र खरंच कामाची, नवख्या रस्त्यांवर जायला लागलास की बघू. ट्रायल घेतलीस तर मुदतीआधी रद्द कर, नाहीतर पैसे आपोआप कापले जातात. त्यापेक्षा आधी हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि चांगले ब्रेक पॅड घे. उतारावर तेच लागतात रे.