तेरीज येते, 'ट्रायल बॅलन्स' येत नाही

"बारावीला ८१ टक्के मिळाले आणि आता कॉलेज सोडते म्हणते. काय करावं?" अक्कलकोट तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, रोज एसटीने सोलापूरला ये-जा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत मुलगी एवढंच म्हणाली, "मी ढ आहे." अशा वेळी "अगं, तू हुशार आहेस" म्हणून काही साधत नाही. यांना माझं कळलंच नाही, असं मुलीला वाटतं. म्हणून विचारलं, ढ आहेस असं कोणत्या तासाला वाटतं? अकाउंटन्सीच्या. सर 'लेजर', 'ट्रायल बॅलन्स', 'डेप्रिसिएशन' म्हणायला लागले की. कागदावर दोन रकाने आखले: एकात सरांचे इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्यांची मराठी नावं. बारावी मराठीतून झालेली. खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा ताळा), घसारा तिने न अडखळता समजावून सांगितले. हिशेब येत होता, त्याची इंग्रजी नावं येत नव्हती. 'मी ढ आहे' खोडून तिने स्वतःच लिहिलं, 'मला हे शब्द येत नाहीत.' शब्द शिकता येतात.

उद्याच्या धड्यातले रोज पाचच शब्द, एसटीत बसून. वीस घेतले की विसरतात, आणि विसरणं हाच ढपणाचा नवा पुरावा ठरतो.

दुसरं काम, आठवड्याला एक प्रश्न: आधी वहीत लिहायचा, तास संपल्यावर सरांच्या टेबलापाशी जाऊन विचारायचा. आधी आणि नंतर भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे. पहिल्यांदा आठाचे चार झाले. हुरूप आला आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने प्रेझेंटेशनला नाव दिलं. वर्गापुढे शब्द फुटेना. तीन दिवस घरी बसली. पायरी फार उंच घेतली गेली होती. पुन्हा टेबलापाशी, मग दोघींसमोर अर्धं पान वाचणं, अशी खालून सुरुवात केली.

मागच्या बाकावरच्या मुली आपल्यालाच हसतात, असंही तिला वाटे. त्या आपसात तेलुगूत बोलत, जे हिला कळत नव्हतं. तास संपताच ती एसटी स्टँड गाठायची, मग ओळख कधी व्हायची? आठवड्यातून दोन दिवस पुढची गाडी धरायची आणि वीस मिनिटं लायब्ररीत त्यांच्यातल्या एकीशेजारी बसायचं ठरलं.

आईला एकच सांगितलं: "अमक्याची पोरगी बघ" बंद. त्याऐवजी "आज कुठला शब्द शिकलीस?"

झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं. जगणं नको अशी भाषा आली तर थांबूच नये. १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत मदत रात्रंदिवस मिळते. इथे तशी वेळ नव्हती.

भर वर्गात उभं राहून विचारणं दिवाळीपर्यंत तिला जमलेलं नाही. लायब्ररीत मात्र तेरीज जुळली नाही की मागच्या बाकावरची मैत्रीण वही हिच्याकडे सरकवते.